वाचकांचे प्रश्न : मॅक्रो लेन्स घेताना काय तपासावे?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे मॅक्रो लेन्सविषयी, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सविषयी, आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पुढच्या उत्तरांना त्याचाच आधार असल्यामुळे ते आधी वाचावे, ही विनंती.

प्रश्न : मी गेल्या वर्षी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि सकाळी अंबाझरी उद्यानात फिरताना चतुर, कोळी, फुलपाखरे यांची छायाचित्रे काढू लागलो. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आहे, मात्र त्याच्या बॉडीत स्थिरीकरण (हाताचा कंप भरून काढणारी यंत्रणा) नाही. सीताबर्डीवरील एका दुकानात कॅननची १०० मिलिमीटर एफ/२.८ एल मॅक्रो लेन्स वापरलेली मिळते आहे, ती ॲडॉप्टर लावून वापरता येईल. “चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे काका, ट्रायपॉड विकून टाका,” असे दुकानदार सांगतो. लेन्स मात्र हाताला प्लास्टिकची लागते. तिची बांधणी आणि स्थिरीकरण या दोन्हींची पारख पैसे देण्याआधी कशी करावी? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : दुकानदार खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो आहे. ही लेन्स २००९ मध्ये बाजारात आली तेव्हा कॅननने तिच्या स्थिरीकरणाचे तीन आकडे दिले होते. नेहमीच्या अंतरावर सुमारे ४ स्टॉप, वस्तू सेन्सरवर निम्म्या आकारात उमटत असताना सुमारे ३, आणि ती खऱ्या आकाराएवढी, म्हणजे १:१ प्रमाणात उमटत असताना सुमारे २. विक्रीच्या बोलण्यात यातला पहिला आकडा उरतो आणि आपल्या कामाचा तिसरा आकडा गळून जातो. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवूनही चित्र न हलणे, तेव्हा ४ स्टॉप म्हणजे १६ पट आणि २ स्टॉप म्हणजे केवळ ४ पट. स्थिरीकरण असलेली पहिली मॅक्रो लेन्स निकॉनने २००६ मध्ये आणली, ती १०५ मिलिमीटरची होती. विषय जसजसा मोठा उमटू लागतो तसतसा स्थिरीकरणाचा परिणाम कमी होत जातो, हे त्या लेन्सच्या माहितीपुस्तिकेतही स्पष्ट लिहिलेले आहे. माहितीपुस्तिका वाचण्याची सवय आपल्याकडे नाही, एवढाच काय तो दोष.

असे का होते हे समजले की तपासणी आपोआप सुचते. हाताचा कंप कॅमेऱ्यापर्यंत मुख्यतः दोन रूपांत पोचतो. एका रूपात कॅमेरा कलतो, म्हणजे त्याचे तोंड किंचित वर-खाली किंवा डावीउजवीकडे वळते. दुसऱ्या रूपात तो न कलता जसाच्या तसा बाजूला किंवा वर-खाली सरकतो. केवळ जायरोस्कोपवर चालणाऱ्या स्थिरीकरणाला कोनातला बदल तेवढा कळतो, आणि दूरच्या विषयासाठी तेवढे पुरते. हिशेब करून पाहा. शटर उघडे असताना कॅमेरा ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतका, बाजूला सरकला असे धरू. या अंतराला प्रतिमेच्या प्रमाणाने गुणले की सेन्सरवर प्रतिमा किती सरकली ते मिळते. दहा मीटरवरचे झाड १०० मिलिमीटरच्या लेन्समधून टिपताना प्रमाण सुमारे १:१०० असते, म्हणून प्रतिमा १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, सरकते. आपल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असल्यामुळे ते सरकणे दिसतही नाही. १:१ प्रमाणात मात्र प्रतिमा पूर्ण १०० मायक्रॉन, म्हणजे १६-१७ पिक्सेल फरफटते. आपण विचारलेल्या लेन्समधील यंत्रणेला कॅननने ‘हायब्रिड’ हे नाव दिले, कारण तिच्यात जायरोस्कोपच्या जोडीला हे सरकणे ओळखणारा, त्वरण मोजणारा सेन्सरही आहे. टॅमरॉनच्या ९० मिलिमीटर मॅक्रो लेन्समध्ये तशी सोय २०१६ च्या आवृत्तीपासून आली. म्हणून वापरलेली लेन्स घेताना केवळ ‘स्टॅबिलायझेशन आहे’ या वाक्यावर थांबू नये. कोणत्या वर्षाची आवृत्ती आहे आणि ती सरकणे सुधारते की फक्त कलणे, हेही विचारावे.

याशिवाय तिसरी एक हालचाल आहे, जिच्यावर कोणत्याही लेन्समध्ये उपाय नाही. आपण वाकून उभे असताना शरीर विषयाच्या दिशेने पुढे-मागे डुलत राहते. फुल-फ्रेम सेन्सरवर १:१ प्रमाणात ॲपर्चर (लेन्सचे प्रकाशछिद्र) एफ/८ इतके लहान ठेवले तरी स्पष्ट येणारा भाग जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असतो. चतुराच्या डोळ्यावर साधलेला फोकस एका श्वासात त्याच्या मानेवर जाऊन बसतो, आणि घरी आल्यावर आपण दोष स्थिरीकरणाला देतो. मॅक्रोमधील बिघडलेल्या चित्रांपैकी पुष्कळशी या डुलण्याची असतात, असा माझा अनुभव आहे. यावर एक गुडघा जमिनीला टेकणे, कोपर मांडीवर ठेवणे किंवा काठीचा आधार घेणे हेच उपाय आहेत.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. दुकानात जाताना आपला कॅमेरा, एक पोलादी फूटपट्टी, एक छोटा टॉर्च आणि मराठी वर्तमानपत्राचे एक पान न्यावे. आधी फोकसची रिंग सर्वांत जवळच्या टोकाला फिरवून फूटपट्टीचे चित्र घ्यावे. आपल्या कॅमेऱ्यात आडवी ३६ मिलिमीटर पट्टी दिसली, तर लेन्स खरोखर १:१ पर्यंत जाते आहे. नंतर वर्तमानपत्र दाराजवळ, चांगल्या उजेडात टेबलावर पसरावे आणि कॅमेरा कागदाकडे सुमारे ४५ अंशांच्या तिरकस कोनातून धरावा. कागद तिरका दिसत असल्यामुळे प्रत्येक चित्रात अक्षरांचा एकच अरुंद पट्टा स्पष्ट येईल, आणि या परीक्षेचे सगळे मर्म त्या पट्ट्यात आहे. पट्टा धारदार आहे पण आपण योजलेल्या ओळीच्या वर किंवा खाली गेला आहे, तर आपण डुललात. लेन्सचा त्यात दोष नाही. अख्ख्या चौकटीत एकही अक्षर धारदार नसेल तर मात्र तो कंप आहे. अशा वेळी अनुस्वाराची टिंबे पाहावीत. कंप असेल तेव्हा ती गोल न राहता एकाच दिशेने लांबट होतात, आणि ती आडवी ताणली आहेत की उभी, यावरून कंपाची दिशाही कळते. इंग्रजी वर्तमानपत्राने हे इतके चांगले साधत नाही, आपल्या लिपीचा हा एक अनपेक्षित फायदा.

१/२००, १/१००, १/५० आणि १/२५ सेकंद अशा चार वेगांवर, स्थिरीकरण बंद ठेवून आणि चालू ठेवून, प्रत्येकी १० चित्रे घ्यावीत. एकूण ८० चित्रे होतात, त्याला १५ मिनिटे लागतात. बटण अर्धे दाबल्यावर यंत्रणा स्थिरावण्यासाठी एक सेकंद थांबावे आणि मगच पुढे दाबावे. चित्रे कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण मोठी करून पाहावीत आणि ज्यांत तो पट्टा धारदार आहे तेवढी मोजावीत. समजा, स्थिरीकरण बंद असताना १/२०० वर दहापैकी सहा चित्रे चांगली आली आणि चालू असताना तेवढीच १/५० वर आली, तर लेन्सने आपले दोन स्टॉप कमावले. १/१०० वरच संख्या घसरत असेल तर आपला हात त्या दिवशी अस्थिर आहे की यंत्रणा थकली आहे, हे ठरवण्यासाठी हीच परीक्षा दोन मीटरवरच्या एखाद्या पाटीवर करावी. तिथे उत्तम आणि जवळ निकृष्ट असा निकाल आला, तर सरकणे ओळखणाऱ्या भागाविषयी शंका घ्यायला जागा आहे.

हे मी शहाणपणाने शिकलो असे नाही. काही वर्षांपूर्वी एक वापरलेली मॅक्रो लेन्स घेताना मी समोरच्या दुकानांच्या पाट्यांची चित्रे काढून पाहिली, ती काचेसारखी स्वच्छ आली आणि मी खूश होऊन पैसे मोजले. घरी कुंडीतल्या मुंग्यांवर लेन्स रोखली तेव्हा प्रत्येक चित्र उभ्या दिशेने फरफटलेले होते. दुकानदाराने ती परत घेतली नाही, आणि त्याला दोष देण्याची सोयही नव्हती, कारण ‘तपासून घेतली’ असे बिलावर लिहून खाली सही मीच केली होती.

बांधणीविषयी बोलायचे तर प्लास्टिकला घाबरू नये. या लेन्सचे बाहेरचे आवरण टणक अभियांत्रिकी प्लास्टिकचे आहे, पण माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडली जाणारी कडी, धातूचे आहे, आणि धूळ व ओलावा आत शिरू नये म्हणून माउंटभोवती रबराची बारीक कडा आहे. वजन ६२५ ग्रॅम भरते. नागपूरच्या मे महिन्यात दहा मिनिटे उन्हात राहिलेली धातूची नळी धरून पाहिलेल्या माणसाला प्लास्टिकचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. वजन आणि थंड धातूचा स्पर्श यांवरून बांधणी ठरवणे म्हणजे भांड्याची कल्हई पाहून जेवणाची चव ठरवण्यासारखे आहे. ही लेन्स आतल्या आत फोकस करते, तिची लांबी बदलत नाही, ही मॅक्रोसाठी बांधणीतली सर्वांत मोलाची गोष्ट. आपल्या चिरंजीवांना किंवा मित्रांना आवडणाऱ्या धातूच्या जुन्या मॅक्रो लेन्समध्ये पुढची नळी बाहेर येते, ती पूर्ण बाहेर असताना डुगडुगते आणि जवळच्या कोळ्याच्या जाळ्याला जाऊन भिडते. कॅननच्या या लेन्समध्ये विषयापर्यंतचे अंतर मुळातच कमी आहे. जवळात जवळचे ३० सेंटिमीटर हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असल्यामुळे लेन्सच्या काचेपुढे साधारण १३ सेंटिमीटरच उरतात.

हाताने तपासताना लेन्स कॅमेऱ्याला लावून तिची नळी हलक्या हाताने गोल फिरवावी. किंचित हालचाल जाणवली तर ॲडॉप्टर आणि कॅमेरा यांच्यामधली ढिलाई वेगळी आणि ॲडॉप्टर आणि लेन्स यांच्यामधली वेगळी, हे बोट ठेवून ओळखावे, कारण पुष्कळदा दोषी स्वस्तातला ॲडॉप्टर असतो. फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने फिरली पाहिजे. मध्येच ती खरखरली तर आत वाळू गेलेली असते. मध्येच सैल लागली तर लेन्स कधीतरी पडलेली असते. फिल्टरच्या आट्यांवर चेपल्याची खूण, माउंटच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, अंतराच्या मर्यादेची कळ अडखळणारी, ही चिन्हे लेन्सचा पूर्वेतिहास विकणाऱ्यापेक्षा प्रामाणिकपणे सांगतात. माउंटची रबरी कडा फाटली किंवा चपटी झाली असेल तर ‘वेदरसील’ हा शब्द किमतीतून वजा करावा. शेवटी टॉर्च एका बाजूने आत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि तिथे सौदा संपतो. धुळीचे चार कण दिसले तर त्यांची काळजी करू नये.

एवढ्यातून लेन्स पार पडली, तर ती जरूर घ्यावी. ट्रायपॉड मात्र विकू नये.

प्रश्न : मी कृषी पदवीची विद्यार्थिनी आहे. आमच्या संत्र्याच्या बागेतील किडींची, विशेषतः सायलाची, छायाचित्रे प्रकल्पासाठी हवी आहेत. माझा कॅमेरा लहान (एपीएस-सी) सेन्सरचा आहे. स्थिरीकरण असलेली मॅक्रो लेन्स माझ्या बजेटच्या बाहेर जाते; स्थिरीकरण नसलेली घेतली तर पैसे उरतात. काय करावे? (काटोल, जि. नागपूर)

उत्तर : आपण स्थिरीकरण नसलेली घ्यावी आणि उरलेल्या पैशांत एक साधा फ्लॅश घ्यावा. आपल्या कामात स्थिरीकरणाचा उपयोग सर्वांत कमी आणि फ्लॅशचा सर्वांत जास्त आहे, हे आकड्यांनिशी सांगतो.

सायलाचा प्रौढ कीटक ३ ते ४ मिलिमीटर लांबीचा असतो. आपल्या सेन्सरची रुंदी सुमारे २३ मिलिमीटर, म्हणजे १:१ प्रमाणात तो चौकटीच्या रुंदीचा साधारण सहावा-सातवा हिस्सा व्यापेल. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात ते ९०० पिक्सेलच्या आसपास जाते, आणि पंखांवरचे तपकिरी ठिपके व कडेचा पट्टा ओळखण्यासाठी एवढे पुरेसे आहे. अडचण वेगळीच आहे. हा कीटक पानावर आडवा बसत नाही. डोके खाली आणि मागचा भाग वर करून तो साधारण ४५ अंशांत तिरका बसतो. वरून चित्र घेतले तर त्याच्या शरीराची दोन टोके कॅमेऱ्यापासून दोन ते अडीच मिलिमीटरच्या फरकाने असतात, आणि आपल्या सेन्सरवर एफ/११ ला स्पष्ट येणारी जाडी १ मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. डोके स्पष्ट आले तर पंखांची टोके धूसर, पंख स्पष्ट आले तर डोके धूसर. लेन्स कितीही महाग असली तरी यात फरक पडत नाही. फांदीच्या बाजूला बसून कीटक कडेने दिसेल असा कॅमेरा धरावा, म्हणजे त्याची पूर्ण लांबी एकाच पातळीत येते.

ॲपर्चर आणखी बंद करून जाडी वाढवावी असे वाटेल. थोडीशी वाढेलही, परंतु १:१ प्रमाणात प्रत्यक्ष परिणाम लेन्सवर लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आकड्याचा होतो. एफ/११ हे प्रकाशाच्या आणि विवर्तनाच्या (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याच्या) दृष्टीने एफ/२२ सारखे वागते. त्यापुढे गेल्यास सगळे चित्रच मऊ पडते. मी एफ/११ वर थांबतो.

सायला येतो तो नव्या नवतीवर (कोवळ्या पालवीवर), आणि नवती म्हणजे बागेतला सर्वांत हलका, वाऱ्याच्या झुळकीबरोबर डुलणारा भाग. हाताचा कंप स्थिरीकरणाने सुधारेल. हलत्या पानाला ते स्थिर करू शकत नाही. फ्लॅश कमी शक्तीवर पेटवला की त्याची चमक साधारणतः १/५,००० सेकंदाहूनही कमी काळ टिकते, आणि तेवढ्या काळात पानही थांबलेले असते व हातही. त्यासाठी शटर १/२००, आयएसओ २०० आणि एफ/११ ठेवून सावलीत काम करावे, म्हणजे उन्हाचा वाटा नगण्य राहून चित्र केवळ फ्लॅशच्या उजेडाने घडते. फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपरचा दुहेरी पडदा लेन्सच्या टोकापर्यंत आणावा. नाही तर सायलाच्या पिल्लांच्या अंगातून निघणारे मेणचट पांढरे धागे नुसते चकाकतात आणि त्यांचा आकार कळत नाही. फांदी जमिनीत रोवलेल्या काठीला कपड्याच्या चिमट्याने अडकवावी. हा चिमटा माझ्या बॅगेत लेन्स पुसण्याच्या कापडाच्या आधी जातो.

स्थिरीकरणाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. व्ह्यूफाइंडरमधले दृश्य त्यामुळे शांत राहते आणि एवढासा कीटक चौकटीत शोधणे सोपे जाते. तेवढ्यासाठी दीडपट किंमत मोजावी का, हा आपल्या बजेटचा प्रश्न आहे. माझे मत वर दिले आहे.

प्रश्न : आमचे इतवारीत सराफी दुकान आहे. दागिन्यांची छायाचित्रे दुकानातच, टेबलावर ट्रायपॉड लावून, कॅमेरा खाली रोखून काढतो. स्थिरीकरण चालू ठेवूनही चित्रे कधीकधी हललेली येतात. लेन्स बदलावी का?

उत्तर : आधी स्थिरीकरण बंद करून पाहावे. काही लेन्स ट्रायपॉड ओळखून यंत्रणा आपणहून थांबवतात, काही ओळखत नाहीत. न ओळखणारी यंत्रणा नसलेला कंप शोधत राहते आणि भिंगांचा गट मंदपणे भरकटतो. एक सेकंदाच्या चित्रात तेवढे पुरते. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा आधीच वर उचलला जाईल असे लाइव्ह व्ह्यू वापरावे. इतवारीच्या गल्लीतून हातगाड्या आणि दुचाकी जातात तेव्हा जुन्या लाकडी माळ्यावरचे टेबलही थरथरते. ट्रायपॉड माळ्यावर आणि दागिना वेगळ्या टेबलावर असेल तर दोन्ही वेगवेगळे हलतात. दागिना आणि कॅमेरा यांना एकाच पाटावर किंवा कॉपी स्टँडवर (कॅमेरा खाली रोखून धरणाऱ्या खांबाच्या पाटावर) आणले की निम्मा प्रश्न मिटतो.

कॅमेरा खाली रोखलेला असतो म्हणून बांधणीची एक वेगळी परीक्षा आपल्याला लागू पडते. नळी बाहेर येणारी लेन्स स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरते आणि फोकस सरकतो. फोकस साधून दहा मिनिटे तसेच ठेवावे आणि पुन्हा मोठे करून पाहावे. नथीचा मोती जागेवर असेल तर लेन्स निर्दोष आहे. सरकला असेल तर आतल्या आत फोकस करणारी लेन्स घ्यावी; तिच्यात स्थिरीकरण नसले तरी आपले काही बिघडत नाही.

चौकटीचे चारही कोपरे सारखे स्पष्ट येत नसतील, तर लेन्सला दोष देण्याआधी दागिन्याच्या जागी एक छोटा आरसा सपाट ठेवून त्यात कॅमेऱ्याचे प्रतिबिंब पाहावे. लेन्सचे वर्तुळ चौकटीच्या बरोबर मध्यभागी आले की कॅमेरा टेबलाला समांतर आहे. त्यानंतरही एकच कोपरा धूसर राहिला तर भिंगे केंद्रातून ढळली आहेत असे समजावे.

प्रश्न : नवी मॅक्रो लेन्स हलवली की आत काहीतरी खुळखुळते. बदलून मागावी का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : लेन्स कॅमेऱ्याला लावून, कॅमेरा चालू करून, बटण अर्धे दाबून पाहावे. खुळखुळ थांबली आणि बारीक घरघर सुरू झाली तर ती स्थिरीकरणाच्या भिंगांच्या गटाची आहे. हा गट चुंबकाच्या ओढीवर तरंगतो. वीज नसताना काही लेन्समध्ये तो मोकळा हलतो. यंत्रणा चालू असतानाच कॅमेरा बंद केला किंवा लेन्स काढली, तर असा आवाज येऊ शकतो आणि तो बिघाड नव्हे, असे निकॉनच्या माहितीपुस्तिकेतही लिहिले आहे. चालू स्थितीतही आवाज येत राहिला, किंवा बटण दाबताच दृश्य एका बाजूला उडी मारून परत आले, तर मात्र बिल घेऊन लगेच जावे.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्स जपतो, तरीही माझ्या मॅक्रो लेन्सला उन्हाळ्यात बुरशी लागली. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे कसे शक्य आहे? लेन्स सीलबंद बांधणीची आहे. (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : आपण लेन्स कूलरच्या खोलीत ठेवत असाल, असा माझा अंदाज आहे. बाहेर मे महिन्यात ४५ अंश तापमान आणि कोरडी लू असली तरी खिडकीतल्या डेझर्ट कूलरने खोलीत दिवसरात्र ओलावा ओतलेला असतो. कपाटातली पुस्तकेही त्या दिवसांत जरा दमट लागतात. बुरशीला ऊब, ओल आणि अंधार हवा असतो, आणि कूलरच्या खोलीतले बंद कपाट तिला हे तिन्ही पुरवते. त्यात लेन्स चामड्याच्या पेटीत असेल तर ओल आणखी धरून ठेवली जाते.

रबरी कडांची बांधणी पावसाचे थेंब आणि धूळ अडवते. हवेतला ओलावा ती कायमचा रोखू शकत नाही. फोकस करताना आतले भिंगांचे गट सरकतात तशी हवा थोडीथोडी आत-बाहेर होतच असते. सोपा उपाय असा, की घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरता येते. चार-पाच लेन्स असतील तर विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे. लागलेली बुरशी काचेच्या आतल्या बाजूला असेल तर ती घरी उघडू नये, कारण स्थिरीकरण असलेली लेन्स उघडून पुन्हा जोडताना तो तरंगता गट जागेवर बसवणे हे उपकरणांशिवाय होणारे काम नाही.

उन्हाळ्यातच आणखी एक काळजी घ्यावी. लेन्स गाडीच्या डिकीत ठेवू नये. बंद डिकीतल्या उष्णतेने आतले वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर पसरते आणि पाती चिकटू लागतात. शंका असल्यास एफ/१६ लावून कॅमेऱ्याचे डेप्थ ऑफ फील्डचे (पाती मिटवून दाखवणारे) बटण दाबावे आणि पुढून टॉर्च मारावा. पात्यांवर तेलकट चकाकी दिसली तर लेन्स बुरशीसाठी दुरुस्तीला नेताना हेही कारागिराला सांगावे, म्हणजे ती दोनदा उघडावी लागणार नाही.